६५ मीटरवर काय झालं? प्रौढ वयात शर्यतीत परतलेल्या एका जलतरणपटूचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली, ती एका अटीवर: "माझी फजिती नीट लिहा, सर. गोड करून लिहू नका." ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, बाकी जसं घडलं तसं, त्यांचा प्रशिक्षक म्हणून लिहितोय.

बाईंचं वय ४४. बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत स्पर्धांमध्ये फ्रीस्टाईल. तेव्हाची १०० मीटरची सर्वोत्तम वेळ १:०६, म्हणजे एक मिनिट सहा सेकंद. मग शिक्षण, नोकरी, संसार. पुढची २६ वर्षं पाण्याशी संबंध आला तो सहलीपुरता. ४३व्या वर्षी पाठ धरायला लागली म्हणून पोहणं पुन्हा सुरू केलं. पहिले दोन महिने हात ओळखीचे आणि फुप्फुसं परकी, अशी स्थिती होती. वर्षभरात मात्र बाईंना पाण्यावर असं काही झोपता यायला लागलं की शेजारच्या लेनमधली तरुण मुलं थांबून बघायची. मग कुणीतरी मास्टर्स स्पर्धेचा विषय काढला.

मास्टर्स म्हणजे प्रौढांच्या शर्यती. १९७० साली अमेरिकेत अ‍ॅमरिलो इथे या प्रकारची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि १९८६मध्ये टोकियोला पहिली जागतिक. वयाची २५ वर्षं पूर्ण झाली की प्रवेश, आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. निकाल वयोगटाप्रमाणे लागतो, पण पाण्यात कोण कुणाच्या शेजारी उतरणार हे बहुतेक वेळा अर्जात लिहिलेल्या वेळेवरून ठरतं. या प्रकरणाची किल्ली तिथेच होती. मला ती सापडायला पाच आठवडे लागले.

पहिली शर्यत १०० मीटर फ्रीस्टाईलची, ५० मीटरच्या तलावात. सूर उत्तम बसला. पहिले ५० मीटर ३८.१ सेकंदांत. काठावर उभा राहून मी घड्याळाकडे दोनदा पाहिलं, कारण सरावात पूर्ण जीव लावून त्यांचे सुटे ५० मीटर ३९.५च्या खाली कधी आलेच नव्हते. टर्न झाला, म्हणजे भिंतीपाशी वळून त्या परत निघाल्या. त्या वर आल्या, सात-आठ हात मारले आणि ६५ मीटरच्या आसपास थांबल्या. लेनची दोरी धरलेली, तोंड उघडं, खांदे कानाला लागलेले. पंधरा-वीस सेकंद तशाच. मग ब्रेस्टस्ट्रोकसारखं काहीतरी करत त्या भिंतीपर्यंत पोचल्या. १:५१.

नियमाने त्या बाद झाल्या नाहीत. फ्रीस्टाईलमध्ये कुठल्याही पद्धतीने पोहता येतं, आणि मनाई आहे ती दोरी ओढून पुढे सरकायला. वेळ फलकावर लागली. "बाद केलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. टॉवेल गुंडाळून बराच वेळ गप्प बसल्या आणि मग एवढंच बोलल्या: "मला भीती वाटली, सर. पाण्याची. मला, पाण्याची!"

यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही ओशाळायला होतं. "अहो ताई, मजा म्हणून पोहायचं. कोण बघतंय?" माझ्या मते हा धीर होता. त्यांनी ऐकलं ते वेगळंच: तुमचं हे सगळं गंभीरपणे घेण्याइतकं नाही. त्यानंतर दोन आठवडे त्या तलावावर फिरकल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा आधी डॉक्टरकडे पाठवलं. चाळिशीनंतर जोराच्या व्यायामात छाती आवळली, दम अनपेक्षित लागला, तर 'घाबरल्यामुळे झालं असेल' हे निदान प्रशिक्षकाने करायचं नसतं. ईसीजी झाला, ट्रेडमिलवरची तपासणी झाली, हृदय ठणठणीत निघालं. त्या कागदाचा एक जास्तीचा उपयोग झाला. पुढे छातीत धडधडलं की निदान एक शंका तरी वजा झालेली असायची.

मग त्यांना एक काम दिलं. शर्यतीच्या दिवशी उठल्यापासून ६५व्या मीटरपर्यंत जे आठवेल ते वेळेनुसार लिहून काढायचं. कारणं नकोत, फक्त काय झालं ते. चार पानं आली. मला वाटत होतं की भीतीचं टोक ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर असेल. तसं नव्हतं. पोटात गोळा आला तो त्याच्या चाळीस मिनिटं आधी, भिंतीवर लावलेल्या हीटच्या (एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या तुकडीच्या) यादीपाशी. त्यांच्या दोन्ही बाजूंना तिशीतले पोहणारे होते आणि त्यांच्या वेळा १:१२ ते १:१६.

"तुम्ही त्या हीटमध्ये आलात कशा?" मी विचारलं.

"अर्जात वेळ विचारली होती. मी १:१५ लिहिली."

"१:१५ कुठून आली?"

त्यांनी सरळ सांगितलं. "माझी १:०६ होती ना. वय झालं म्हणून नऊ सेकंद सोडून दिले."

त्या महिन्यात सरावातली त्यांची वेळ १:२८ होती आणि ती त्यांना माहीत होती. मी स्वतःच त्यांना सांगितली होती. तरीही अर्जातल्या रकान्यावर पेन टेकलं तेव्हा उत्तर दिलं ते सतरा वर्षांच्या मुलीने, वर थोडी सूट देऊन. हा अर्ज मी पाहिला नव्हता. एक मिनिट लागलं असतं.

प्रौढपणी परतणाऱ्यांची धाकधूक नवशिक्यांपेक्षा निराळी असते, असं मला या प्रकरणानंतर ठामपणे वाटू लागलं. नवशिक्याला काय होईल ते ठाऊक नसतं. परतलेल्याला काय व्हायला हवं ते नको इतकं पक्कं ठाऊक असतं. हाताचा झोका, पाण्याची पकड, भिंतीवरून निसटण्याचा तो क्षण, सगळं शरीरात जागं असतं, म्हणून इंजिनही तेच असणार असं वाटून जातं. भरीला प्रेरणादायी उदाहरणं. अमेरिकेची जलतरणपटू दारा टोरेस हिने ४१व्या वर्षी, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीन रौप्यपदकं मिळवली. ५० मीटरचं सुवर्ण तिचं एका शतांश सेकंदाने हुकलं. तिचाच देशबंधू अँथनी अर्विन २०००मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकून पुढे पोहणंच सोडून बसला आणि २०१६मध्ये ३५व्या वर्षी त्याच ५० मीटरचं सुवर्ण पुन्हा घेऊन गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि थोर आहेत. पण टोरेस १९८४पासून ऑलिंपिक खेळत आलेली होती. आमच्या बाईंच्या कपाटावर तिचा फोटो होता. तो उतरवा असं मी म्हणालो नाही; बरेच दिवस मनात मात्र होतं.

आता ६५ मीटरकडे. भीतीमुळे त्या थांबल्या असं त्या म्हणत होत्या आणि मीही तसंच धरून चाललो होतो. चार पानं दोघांनी पुन्हा वाचली तेव्हा क्रम उलटा दिसायला लागला.

ब्लॉकमागे उभ्या असताना त्यांनी "खोल श्वास घ्या" हा जगातला सगळ्यात प्रसिद्ध सल्ला अमलात आणला होता. पंधरा-वीस मोठे श्वास, भराभर. अशाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. पानावर लिहिलेलंच होतं: 'हात बधिर. वाटलं, चक्कर येणार.' म्हणजे शांत होण्याच्या उपायानेच घाबरल्याची लक्षणं तयार केली होती. (पाण्याखाली लांब जाण्याआधी असे श्वास घेणं तर थेट धोक्याचं आहे. श्वासाची हाक उशिरा येते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.)

पुढे सूर. शेजारचे दोघं निघून जाताना दिसले म्हणून त्यांच्या मागे धाव. पहिल्या १५ मीटरांत त्यांनी एकदाही श्वास घेतला नव्हता, आणि नंतर घेतला तोही अर्धाच, कारण आधीचा बाहेर सोडलाच नव्हता. दम कोंडल्याची जी जाणीव होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते, ऑक्सिजन संपल्याची नाही. ३८.१च्या वेगाने, अर्धे श्वास सोडत, टर्नमध्ये पुन्हा दम रोखून ६५ मीटरवर कुणालाही गुदमरल्यासारखं होईल. शर्यतीच्या उत्तेजनात सुरुवातीचा वेग फुकटचा वाटतो, बिल नंतर येतं. शरीर गुदमरलं, मग मनाने त्याला नाव दिलं, भीती.

हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती माझ्या कुठल्याही धीराच्या शब्दांनी आली नव्हती. "म्हणजे मी पाण्याला घाबरले नाही?" नाही. तुम्ही चुकीच्या बाईचा वेग घेतलात.

अर्थात सगळंच श्वासावर ढकलता येत नाही. क्रीडामानसशास्त्रात रेनर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये जी प्रश्नावली मांडली, ती मनातली काळजी, शरीरातली खळबळ आणि आत्मविश्वास या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते. प्रशिक्षकाला हे वेगळेपण फार कामाचं आहे, कारण काळजी आणि खळबळ या दोन्हींवर औषध एक नाही. यादीपाशी आलेला गोळा काळजीचा होता. ब्लॉकमागची बधिरता शरीराची. काळजीला श्वसनाचा व्यायाम दिला आणि बधिरतेला समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, तर दोन्ही वाया.

दुसऱ्या स्पर्धेला दहा आठवडे होते. मी ५० मीटर सुचवलं, कमी अंतर, कमी धोका. त्या म्हणाल्या, "नाही. १००च. तिथेच जायचंय मला." त्यांचं बरोबर होतं.

वेगाचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. पहिले ५० मीटर ४३ सेकंदांत यायला हवेत, हे ठरवलं. घड्याळ पाण्यात दिसत नाही, म्हणून हात मोजायचे. ४३ला त्यांचे ४६ हात पडत. घाईत तेच ५४ व्हायचे. चेहरा पाण्यात गेला की लगेच श्वास सोडायला सुरुवात, आणि सुरानंतर दुसऱ्या हातालाच पहिला श्वास, हवा असो वा नसो. आठवड्यातून दोनदा एवढंच. पहिले काही दिवस "हे फारच हळू आहे, लाज वाटते" ही तक्रार होती. पण सावकाश सुरुवातीची लाज सरावातच घालवून टाकलेली बरी. शर्यतीत ती सोबत आली की पुन्हा ३८.१.

धडधडीचा सराव मात्र मला सविस्तर सांगायचाय. काठावर अर्धा मिनिट जागच्या जागी जोरात धावायचं, नाडी १४०च्या वर गेली की लगेच ब्लॉकवर चढायचं, शिट्टी, सूर, आणि तशा अवस्थेत ५० मीटर ४३ सेकंदांत. पहिल्यांदा केलं तेव्हा त्या ब्लॉकवरूनच ओरडल्या, "अगदी तस्संच होतंय!" मला नेमकं तेच हवं होतं. छातीत हातोडे पडत असतानाही हात मोजता येतात, याचा अनुभव त्यांनी त्या दहा आठवड्यांत चाळीसेक वेळा घेतला. धडधड कमी करायचा प्रयत्न आम्ही सोडूनच दिला. ब्लॉकमागे फक्त एक करायचं ठरलं: श्वास नाकाने साधा आत, तोंडाने लांब बाहेर, तीन वेळा. पुरे.

गॉगलचंही एक भूत होतं. सुरात पाणी शिरेल या भीतीने त्या पट्टा इतका आवळायच्या की डोकं दुखायचं. उपाय म्हणून गॉगल मुद्दाम अर्धे पाण्याने भरून पोहणं. मायकल फेल्प्सने २००८मध्ये २०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण गॉगल पाण्याने भरलेले असताना, हात मोजत जिंकलं, तेही विश्वविक्रमासह, हे त्यांना ठाऊक होतं. या वेळी उदाहरण कामाला आलं, कारण त्यातून घ्यायची होती ती युक्ती, वेळ नव्हे.

दोन गोष्टी फसल्या. एक, चौथ्या आठवड्यात मी हौसेने लुटुपुटीची स्पर्धा भरवली. शिट्ट्या, हीट, फलक, सगळं. पोहणारे सगळे ओळखीचे, टाळ्या वाजवणारे. बाई मजेत पोहल्या, १:२७. त्यातून कुणालाच काही शिकायला मिळालं नाही. परीक्षेला बसायची भीती घरातल्या घरात प्रश्नपत्रिका सोडवून जात नसते.

दुसरी गोष्ट शब्दांची. अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स या संशोधिकेच्या २०१४च्या प्रयोगांत "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. गाणं, भाषण, गणित, तिन्हींत. मला हे पटतं. मी त्यांना म्हणायला लावलं. दोनदा म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "सर, पोटात कालवाकालव होतेय आणि मी उत्साह उत्साह म्हणत बसू?" आपल्या तोंडात न बसणारं वाक्य आपल्यावर काम करत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. आठवडाभराने त्यांनीच त्यांचं वाक्य आणलं: "अंग तापतंय." गाडी सुरू करून ठेवल्यासारखं. अर्थ तोच, पण यात खोटं काही नव्हतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मात्र अपघाताने. सहाव्या आठवड्यात एका लहान स्पर्धेला टाइमकीपर कमी पडत होते. मी त्यांना विचारलं, त्या गेल्या. दिवसभर चौथ्या लेनच्या मागे, हातात घड्याळ. संध्याकाळी फोन आला. सत्तरीच्या एका गृहस्थांच्या हातून गॉगलचा पट्टा दोनदा निसटला, बोटं इतकी थरथरत होती. मग ते पाण्यात उतरून, भिंतीला धरून निघाले. मास्टर्समध्ये ब्लॉकवरूनच सूर मारायला हवा असं नाही. काठावरून किंवा पाण्यातूनही सुरुवात करता येते. हे त्यांनी नियमात वाचलं होतं, पण कुणी खरोखर करतं हे पाहिलं नव्हतं. "आणि सर, एक सांगू? मी दिवसभरात एकाही माणसाकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत होते. हात लागला की बटण."

कोण बघतंय, हा माझा प्रश्न. मी विचारला तेव्हा अपमान वाटला होता; स्वतः घड्याळ हातात धरल्यावर त्याचं उत्तर मिळालं.

दुसऱ्या स्पर्धेच्या अर्जात त्यांनी १:३० लिहिलं. लिहिताना मी समोर होतो. सोपं गेलं नाही. पण त्यामुळे हीट बदलली. एका बाजूला ६७ वर्षांचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पन्नाशीच्या बाई, वेळा १:२८ ते १:३३. यादी भिंतीवर लागली तेव्हा आम्ही ती मिळून एकदा पाहिली, लेन आणि हीटचा आकडा हातावर लिहून घेतला आणि तिथून निघालो. यादीपाशी पुन्हा जायचं नाही, असं आधीच ठरलेलं होतं. आणखी एक सूट त्यांनी खिशात ठेवली होती: ब्लॉकवर फारच वाटलं तर पाण्यातून सुरुवात. ती वापरायची वेळ आली नाही. सूट हाताशी होती म्हणूनच आली नाही, असं माझं मत.

बाकी चित्र आदर्श नव्हतं. रात्री चार तास झोप. सकाळी खाल्लेलं नीट उतरलं नाही. तीनदा स्वच्छतागृह. वॉर्म-अपमध्ये कुणाचा तरी हात गॉगलवर लागला आणि डोळ्यांत पाणी तरळलं. रेफरीची लांब शिट्टी झाली तेव्हा त्यांचे गुडघे हलत होते, लांबूनही दिसत होतं. चुकीच्या सुरुवातीला आता माफी नसते, आणि त्यांच्या लहानपणच्या स्पर्धांत ती असे. म्हणून भोंग्यानंतर क्षणभर उशिरा निघायचं हेही ठरवलेलं. निघाल्या शेवटून दुसऱ्या.

पहिले ५० मीटर ४२.८. मी श्वास सोडला. खरंच, मीही रोखला होता. टर्न. त्या नंतर म्हणाल्या की ६५ मीटर आले हे त्यांना डोळ्यांनी नाही, पोटाने कळलं. 'आता थांबणार' हा विचार बरोबर जागेवर उभा होता. त्याला हाकलायला त्या थांबल्या नाहीत. एकोणीस, वीस, एकवीस, असे हात मोजत, बुडबुडे सोडत पुढे गेल्या. शेवटच्या १५ मीटरांत स्ट्रोक मोडला, पाय जवळजवळ बंद पडले. १:२९.६.

६७ वर्षांच्या गृहस्थांनी त्यांना दोन सेकंदांनी हरवलं आणि दोरीवरून हात पुढे केला. बाईंनी वर फलकाकडे पाहिलंच नाही. काठावर येऊन मला विचारलं, "पहिले पन्नास किती?" मी सांगितलं. "हं," म्हणाल्या. "अजून एक सेकंद हळू चाललं असतं."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या स्पर्धेत त्यांनी दोन शर्यतींची नावं दिली आणि दुसरीतून सकाळीच माघार घेतली. पोटाने साथ दिली नाही, असं मला सांगितलं. मी विचारत बसलो नाही. चौथ्या स्पर्धेत दोन्ही पोहल्या.

गेल्या आठवड्यात पुढच्या स्पर्धेचा अर्ज घेऊन आल्या. या वेळी २०० मीटर फ्रीस्टाईल, २७ वर्षांनी पहिल्यांदाच. सतराव्या वर्षाची त्यांची २००ची वेळ २:२४ आहे आणि ती त्यांना तोंडपाठ आहे, हे मला माहीत आहे. वेळेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग तो रकाना तसाच कोरा ठेवून त्यांनी खाली सही केली. वेळ नसलेल्यांना पहिल्या, सगळ्यात संथ हीटमध्ये टाकतात, म्हणजे वॉर्म-अप लवकर उरकावा लागेल. "किती वाजता यायचं, तेवढं सांगा," म्हणाल्या.